जपानची गोड चवळी

परवा सुनेनं लाल चवळी साखर घालून शिजवली, आणि त्या वासानं मला बंगळूरच्या आमच्या क्वार्टरमध्ये नेलं. एकसष्ट-बासष्ट साल असेल. नवीनच लग्न झालेलं. हे जपानहून ट्रेनिंग घेऊन आले होते आणि तिथली गरम, गोड चवळी माझ्यासाठी स्वतः रांधत होते.

“बायकोसाठी स्टोव्ह पेटवतोस?” सासूबाई दारातच उभ्या.

ह्यांनी हसत वाटी माझ्या हातात दिली. “चाखून तरी बघ.”

वाफ तोंडावर येत होती. दोघंही माझ्याकडेच बघत होते.

“मला नको,” मी म्हणाले.

ह्यांनीच ती वाटी संपवली. तेव्हा वाटलं, सुटले. पण पुढं चाळीस वर्षांत ह्यांनी माझ्यासाठी कधी काही रांधलं नाही, आणि मलाही मागता आलं नाही.