शेवटच्या दरवाजामागची राणी

ऐरोलीत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. फोन दुरुस्त होऊन घरी जातात, बोलणं मात्र काउंटरवर पडून राहतं. झाडून काढावं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच!

त्यातलं निम्मं तिघांचं. गावठाणातला विलास, आयटी कंपनीतला सतीश आणि मूळ मोरा बंदरावरचा नझीर. तिघांनीही चाळिशी ओलांडली. तरी दर शनिवारी माझ्या बाकावर बसून बटणांच्या जुन्या फोनवर किल्ल्याचा गेम खेळतात. शिपाई धावतो, खंदकावरून उड्या मारतो. चारचं बटण डावीकडे, सहाचं उजवीकडे, दोनचं उडी, पाचचं तलवार. मला पाठ झालंय. इलाज नाही.

नझीर सांगतो, "जेट्टीवर लाँचची वाट बघता बघता मी हा गेम संपवला होता. शेवटचा दरवाजा उघडतो आणि राणी बाहेर येते!"

बाकीचे दोघं त्या दरवाजापर्यंत कधी पोचलेच नाहीत. त्यामुळे त्यांचा विश्वास नाही.

*

तलवार मारून मारून विलासच्या फोनचं पाचचं बटण मेलं. मी म्हटलं, "कीपॅड बदल."

"नको काका. तलवार ओकेच्या बटनानं बी चालते."

"अरे, पण फोन कसा लावतोस?"

"ज्याच्या नंबरात पाच नाय, त्याला लावतो."

"आणि बायकोला?"

"तिच्या नंबरात पाच हाय. बरं चाललंय!"

*

सतीशने तसलाच गेम नव्या टचच्या फोनवर घेतला. काचेवर अंगठा घसरायचा आणि शिपाई खंदकात. तासभर तेच. शेवटी मला म्हणाला, "काका, याला बटणं बसवता येतील का?"

म्हटलं, "येतील. आधी काच फोडावी लागेल."

फोन खिशात घालून गेला. पुढच्या शनिवारी परत हजर!

*

एक बाई फोन दुरुस्तीला घेऊन आल्या. आत तिघं ओरडत होते, "मार! सोडू नको! मानेवर मार!" बाई पायरीवरूनच मागे फिरल्या. शेजारच्या झेरॉक्सवाल्याला सांगून गेल्या, "तिकडचं भांडण मिटलं की कळवा."

गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. मी तिघांना झापलं. विलास म्हणतो, "काका, पन मारला ना त्याला!"

*

नझीरचा शिपाई उडीत असताना त्याच्या दुसऱ्या फोनवर साहेबांचा कॉल आला. याने फोन खांद्यात धरला आणि म्हणाला, "सर, मी हवेत आहे. खाली उतरलो की करतो."

सोमवारी साहेबांनी विचारलं, "फ्लाइट कुठली होती?"

*

राणीवरून दर शनिवारी टोमणे. "रानीनं साडी कंची नेसली होती रे?" असं विलास गिऱ्हाइकांसमोर विचारायचा. सतीश त्याला 'फेकू' म्हणायचा. एकदा नझीर उठूनच गेला. दोन शनिवार आला नाही.

तिसऱ्या शनिवारी आला तो जेट्टीच्या दिवसांतला आपला फोन घेऊन. मोऱ्याच्या घरी माळ्यावर सापडला म्हणे. माझ्यासमोर ठेवला. "चाचा, एवढा चालू करून द्या. आज यांची तोंडं बंद करतो."

बॅटरी फुगली होती, ती बदलली. चार्जिंगची पिन घासली. फोन सुरू झाला, गेमही सुरू झाला.

नझीर खेळला, खोटं कशाला बोलू, सुंदर खेळला. एकही उडी चुकली नाही. दोघं त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होते. एका गिऱ्हाइकाला मीच थांबवून ठेवलं.

शेवटचा पहारेकरी पडला. दरवाजा उघडला.

"बघा आता," नझीर म्हणाला.

स्क्रीन काळी झाली. इंग्रजी अक्षरं आली. सतीशने वाचून अर्थ सांगितला, "डेमो संपला. पुढचा गेम हवा असल्यास या नंबरावर एसएमएस करा."

 

नझीरने ती अक्षरं पुन्हा एकदा वाचली. मग हळूच मला म्हणाला, "चाचा, या नंबरावर एसएमएस अजून जातो का?"