तबेलेवाल्याला मी जिवंत ठेवलं

खोटं बोलायला मला जमत नाही असं काही नाही. पाहुण्याला तिसरी पोळी वाढताना मी बेधडक खोटं बोलते. पण माझं एक मोठं खोटं नांदेडच्या थेटरात, भर दुपारच्या शोला, वडलांच्या शेजारी बसलेली असताना उघडं पडलं.

वडील म्हणजे आमचे अप्पा. लातूरला गंजगोलाईजवळ भांड्यांचं दुकान आहे. दुकान आता भाऊ बघतो आणि अप्पा गिऱ्हाइकाला सोडून गप्पांकडं बघतात. मी नांदेडला कॉलेजात शिकवते. पोरांच्या नादानं मी एका विलायती कादंबऱ्यांच्या मालिकेत अडकले. राजे, राक्षस, आंधळी राणी, उडते साप, आणि उशाला घ्यावीत अशी जाडजूड पाच पुस्तकं. अप्पांना इंग्रजी येत नाही, म्हणून सुट्टीत लातूरला गेले की मी वाचायची आणि आपल्या भाषेत सांगायची. अप्पांनी त्याची पार पोथी करून टाकली. मांडी घालून बसायचं, मध्ये कुणी बोलायचं नाही, पुस्तक संपलं की नारळ फोडायचा! परदेशातल्या त्या लेखकाला कळलं असतं तर बिचारा चक्कर येऊन पडला असता.

या सगळ्यात अप्पांचा जीव जडला तो राणीच्या घोड्याची राखण करणाऱ्या म्हाताऱ्या तबेलेवाल्यावर. तो लंगडा, फटकळ, उठताना गुडघ्यावर हात ठेवणारा. "ह्यो आपला माणूस हाय," अप्पा म्हणायचे. "राजे येतेत अन् जातेत, घोड्याला चारा ह्योच घालतो."

पाचवं पुस्तक चालू असताना अप्पांच्या छातीत दुखलं. नांदेडला आणलं. डॉक्टर म्हणाले बायपास करावी लागेल. अप्पा म्हणाले, "मला न्हाई चिरून घ्यायचं." दोन दिवस आम्ही सगळ्यांनी हातापाया पडून त्यांना कसंबसं तयार केलं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी ते दवाखान्याच्या पलंगावर बसून म्हणाले, "पुढचं सांग." मीही शहाणी! पुढचं वाचून न ठेवता तशीच सांगायला बसले. पान उलटलं आणि तबेलेवाला पुलावर भाला लागून मेला.

आमच्या घरात आईचा एक नियम होता. आई आता नाही, पण तिचे नियम आहेत. मरणाच्या अध्यायावर पोथी थांबवायची नाही, पुढं लग्न नाहीतर बारसं लागेपर्यंत वाचत जायचं. इथं पुढं नुसत्या लढायाच लढाया, आणि नर्स दारात उभी राहून घड्याळ दाखवतेय. अप्पा माझ्या तोंडाकडं बघत होते. मी म्हणाले, "भाला लागला, पण दंडाला. म्हातारा वाचला."

"वाचला ना?" अप्पा म्हणाले आणि आडवे झाले.

त्यानंतर पार पुस्तक संपेपर्यंत मला त्या मेलेल्या माणसाला पोसावं लागलं. त्याला मी नदीकाठी जमीन दिली, लेकीचं लग्न लावून दिलं, नव्या राजाशी त्याचं भांडणही लावलं. खरं सांगते, राजापेक्षा तोच मला जास्त जमला. दवाखान्याचे इंग्रजी रिपोर्टही मीच त्यांना मराठीत सांगितले. अप्पा बरे होऊन लातूरला गेले आणि दुकानावर येणाऱ्या प्रत्येकाला तबेलेवाल्याचा संसार सांगत बसले.

दोन वर्षांनी त्या पुस्तकांवरचा शेवटचा पिच्चर लागला. आधीचे चार अप्पांनी मोबाइलवर हिंदीतून पाहिले होते. यावेळी त्यांचा फोन आला, "मी यायलोय. मोठ्या पडद्यावर बघायचा."

मी म्हणाले, "तिकिटं मिळत नाहीत." मग मीच म्हणाले, "लई आवाज असतो, तकलीफ होईल." अप्पा म्हणाले, "खामखा नाटकं करू नको," आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं हजर! मला धाकधूक एकच. ह्या माणसाचा माझ्यावर डोळे मिटून विश्वास आहे, तो विश्वास आज तुटणार.

थेटरात अप्पांनी चपला काढून सीटखाली ठेवल्या. पूल आला. भाला आला. म्हातारा पडला, राणीनं त्याचे डोळे मिटले. मी अप्पांकडं बघायची हिंमत केली नाही. थोड्या वेळानं ते हळूच म्हणाले, "उठंल आता." राजाला मुकुट घालेपर्यंत ते त्याच्या उठायची वाट बघत होते.

बाहेर आल्यावर त्यांचा भडका उडाला. "बेइमान लोक! पुस्तक वाचलंच न्हाई त्यांनी! चांगला जिता माणूस मारून टाकला!" दारावरच्या माणसाला जाब विचारायला निघालेच होते. मी हात धरून त्यांना रसवंतीवर बसवलं आणि सगळं सांगून टाकलं.

रस तसाच राहिला. घरी आल्यावर अप्पा खुर्चीत बसले आणि शांतपणे म्हणाले, "माझ्या रिपोर्टाचं बी असंच केलंस का?"

तसंच केलं होतं.

कपाटातून फाइल काढली. त्यांच्यासमोर बसले आणि पहिल्या कागदापासून एकेक ओळ मराठीत सांगत गेले, काही न गाळता. ऑपरेशन नीट झालं. हृदयाचं काम चांगलं चाललंय. मग ती ओळ आली. मागच्या बाजूच्या एका बारीक नसेत अजून अडथळा आहे, ती जोडता आली नाही. गोळ्या चुकवायच्या नाहीत, दर सहा महिन्यांनी तपासायचं. "म्हणून मी तुम्हाला तपासणीला बोलवायची," मी म्हणाले. "तुम्हाला सांगायची, चार दिवस राहायला या, आलाच आहात तर डॉक्टरला दाखवून टाकू."

अप्पांनी फाइल माझ्या हातातून घेऊन मिटली. मला वाटलं, आता उठतील आणि पिशवी भरतील.

"डॉक्टरनं हे कवा सांगितलं?"

"ऑपरेशन झालं त्याच दिवशी."

"म्हंजे दोन वर्षं तू एकटीच भिऊन राहिलीस?" त्यांचा आवाज चढला. "येडी का खुळी तू? नस माझी अन् भ्यायचं तू?"

मला रडू फुटलं. चांगलं हुंदके देऊन रडले. अप्पांनी खुर्ची पुढं ओढली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"आता इथून पुढं," ते म्हणाले, "भ्यायचं आसंल तर दोघं मिळून भिऊ."