अकरा ठोक्यांनंतरचा शब्द

मावशी कुणाचीच मावशी नव्हती, पण आमच्या ऑपेरागृहात शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे तिला मावशीच म्हणायचे. रंगमंचाच्या पुढच्या कडेला एक खड्डा होता, त्यावर लाकडी टोपण. प्रेक्षकांकडे पाठ करून ती त्यात बसायची आणि आम्हा गाणाऱ्यांना प्रत्येक ओळीचा पहिला शब्द अर्धा श्वास आधी पुरवायची. सलग सव्वीस वर्षं. हॉलमध्ये तिचा आवाज कधी कुणाला ऐकू गेला नाही.

त्या दुपारी एका म्हाताऱ्या संगीतकारांच्या ऑपेराचं रेकॉर्डिंग होतं. बारा वर्षं खपून लिहिलेला, नव्या धाटणीचा, कानाला चटकन न रुचणारा. सहाशे माणसांसमोर एकच प्रयोग, तोच टेपवर. पुन्हा कुणी तो उभा करणार नव्हतं, आणि म्हाताऱ्यांची तब्येत तोळामासा. मॅनेजरने मावशीला बजावलं, "माइक तुमच्या टोपणाला चिकटून आहेत. खड्ड्यातून हूं की चूं आलं, तर तुमचं काम संपलं."

"बरं, नुसते ओठ हलवीन," मावशी म्हणाली.

शेवटचा अंक. मी आई, समोर मुलाची रिकामी खाट. वाद्यं थांबतात, अकरा ठोके शांतता, मग मी एकटीने, साथीशिवाय, एक ओळ गायची. अकरा झाले. बारा. माझी पाटी कोरी! तेरा. वाद्यवृंदाच्या संचालकांचा हात हवेत तसाच. अगं बाई, पहिला शब्द काय? खाली मावशीच्या ओठांकडे बघावं एवढंही मला सुचेना. नुसती दिव्यांकडे बघत उभी. पंधरा. तिसऱ्या रांगेतले म्हातारे संगीतकार अर्धवट उठले.

"ये," खड्ड्यातून आवाज आला. खणखणीत.

तोच माझा पहिला शब्द. मी गायले. पडदा पडला, टाळ्या झाल्या. विंगेत रेकॉर्डिंगवाला डोक्याला हात लावून बसला होता. ते 'ये' नेमकं माझ्या श्वासावर आलेलं, कापून काढता येईना. रिकाम्या हॉलमध्ये आवाज वेगळाच घुमतो, म्हणून ओळ पुन्हा घ्यायची तर हॉल तसाच भरलेला हवा, आणि लोक तर उठून निघालेले. तेवढ्यात मावशी खड्ड्यातून वर चढली, पडद्यापुढे उभी राहिली आणि ओरडली, "बसा सगळे! जाऊ नका! मी मध्येच बोलले, चूक माझी आहे. दोन मिनिटं द्या."

सहाशे माणसं गपगार बसली.

मी तिथेच होते. 'नाही हो, मी विसरले.' चारच शब्द, पण जीभ टाळ्याला चिकटली. पहिलीच मोठी भूमिका होती ना माझी! संचालकांना सगळं कळलं होतं, तेही मूग गिळून बसले. मी पुन्हा गायले, ओळ नीट आली, म्हातारे रडले. मावशीला त्याच संध्याकाळी घरी बसवलं. वर्तमानपत्राने वर तिचीच खिल्ली उडवली.

महिन्याभराने, मन खाऊ लागलं तेव्हा, मी तिच्या घरी गेले. "मावशी, मी खरं सांगते त्यांना."

"काही नको," ती म्हणाली. "तुझं आत्ता कुठे सुरू होतंय. माझं काय, मी या वर्षी निवृत्तच होणार होते."

किती हायसं वाटलं मला! जिना उतरताना चक्क गुणगुणत होते मी, निलाजरी.

पुढे कित्येक वर्षांनी ऑपेरागृहाच्या ऑफिसात जुन्या फायली चाळताना तिचे कागद हाती लागले. निवृत्तीला तिची नऊ वर्षं बाकी होती.