टोरीच्या तेलावरची सायकल

अहेरीतले माझे घरमालक जगातली कोणतीही वस्तू बिघडते, हे मान्य करत नाहीत. बंद पडलेल्या पंख्याबद्दलही ते एवढेच म्हणतात, “दम घेऊन राह्यला तो.” मागे आठवडी बाजारात त्यांना एक जुनी, लांब पल्ल्याची गिअरची सायकल दिसली. मेंढ्याच्या शिंगांसारख्या वळलेल्या तिच्या हँडलला विक्रेत्याने कोंबड्या उलट्या टांगल्या होत्या. घरमालकांनी कोंबड्या सोडून सायकल मागितली. “कोंबडी आणाले गेले होते, अन् हाडं घेऊन आले,” घरमालकीणबाईंनी शेजारणीला ऐकवले.

त्यांना घाई होती. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी गुडघा बदलायचा दिवस ठरवला होता आणि नंतर सायकल विसरा, असे बजावले होते. घरमालक वनरक्षक म्हणून पहिल्यांदा रुजू झाले ते एटापल्लीला. तिथे एकदा सायकलने जायचे आणि मग गुडघा डॉक्टरांच्या हवाली करायचा, असा त्यांचा बेत होता. रोज दुपारी अंगणात सायकल उलटी करून ते तिला घासत. गंज निघाला, चाके सरळ झाली. तेल मात्र त्यांनी दुकानातले घेतले नाही. “घरी टोरीचं हाये ना, बाहेरचं कायले?” टोरीचे, म्हणजे मोहाच्या बियांचे तेल थंडीत तुपासारखे गोठते. हे त्यांच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. हिवाळ्यात त्याची बाटली चुलीजवळ असते.

निघायच्या सकाळी कडाक्याची थंडी होती. मी स्कूटरवर सोबत होतो. आलापल्लीच्या पुढे चहासाठी थांबलो आणि पुन्हा निघताना पायडल नुसतेच गरगरले. मागच्या चाकात तेल थिजून पकड घेणारे खटके चिकटले होते.

“आता?” मी विचारले.

“थंडी वाजून राह्यली तिले.”

त्यांनी सागाची वाळली पाने पेटवली आणि चाक शेकोटीवर हळूहळू फिरवत बसले. जरा वेळाने चाकाने पकड घेतली. ते गुडघा चोळत उठले.

“तुमी वापस जा, भाऊ. मांगून गाडीचा आवाज येते. मले जंगल आयकू येत नाई.”

मी इंजिन बंद केले. चढ त्यांनी सावकाश, एका पायावर जास्त भार देत चढला आणि ते वळणाआड गेले. पलीकडे उतार असावा. मागच्या चाकाची टिकटिक ऐकू येऊ लागली. पायडल मारणारे पाय थांबले की ती होते. बराच वेळ ती येत राहिली.