गौतमभाऊंची हडळ

हिंगोलीत गौतमभाऊंच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मी अकरा वर्षं टेपरेकॉर्डर उघडले. ते टेपरेकॉर्डर विसरलो. पण जुनी चार माणसं चहाला जमली की विषय हमखास भाऊंच्या पिनबॉलवर येतो, आणि एक किस्सा संपायच्या आत दुसरा कोणीतरी काढतोच.

नव्वदच्या आसपास भाऊंनी हैदराबादच्या प्रदर्शनात ते मशीन पाहिलं. तिरपं टेबल, वर काच, आत लोखंडी गोळी. ती दोन दांड्यांनी उडवत राहायची, खाली पडू द्यायची नाही. भाऊ परतले ते ठरवूनच. "आपण बनवू. आत हडळ बसवू. लोकं भेत भेत खेळतील."

*

दांड्या उडवायला दारावरच्या घंटीची कॉइल लावली. गोळी इंचभर सरकली आणि परत आली. भाऊंनी तार सोडून पुन्हा गुंडाळली. पंधरा दिवस हेच.

मी म्हणालो, "भाऊ, राहू द्या आता."

"तू चहा सांग," ते मान वर न करता म्हणाले.

सोळाव्या दिवशी गोळी काच फोडून बाहेर आली. भाऊ काचा वेचत म्हणाले, "जमलं."

*

हडळ रंगवली राठोड पेंटरनं. जन्मभर देवळं रंगवलेला माणूस. नरसीच्या जत्रेत मशीन मांडलं, तर बायका चपला काढून हात जोडू लागल्या. भाऊ त्याच्यावर चिडले.

"हात देवीचंच तोंड काढून राहिला, मी काय करू?" राठोड म्हणाला.

भाऊंनी स्वतः ब्रश घेऊन तिला सुळे काढले. मग कोणी जवळच येईना. भाऊ एकटेच खेळत उभे राहिले. दुपारपर्यंत रांग लागली.

*

एका गुरुजींचा डाव रंगात आला आणि लाईट गेली. गुरुजी दोन तास मशीन धरून उभे. बायको डबा घेऊन आली, तो त्यांनी एका हातानं खाल्ला. "गोळी माझी हाय," एवढंच म्हणाले.

*

पुढच्या एका जत्रेत साखरा गावाकडची एक बाई नव्या सुनेला घेऊन आली. सुनेला भूत लागलंय, असं गावानं ठरवून टाकलं होतं. ती कोणाशी बोलत नव्हती. हडळीच्या डोळ्यांतले लाल दिवे पेटले तशी ती सासूच्या मागं दडली.

भाऊंनी खेळ थांबवला, काच उचलली. "ये ताई. ही तार ओढ."

बऱ्याच वेळानं तिनं ओढली. डोळे विझले.

"आता लाव."

पेटले.

तिनं तार काढली, लावली, पुन्हा काढली. मागं रांग खोळंबली होती. मग तिनं सासूचा हात धरला आणि तारेपाशी नेला.

"आत्या, आता तुमी काढा."