सॅमनच्या ओढ्याला गुण देताना

ओरेगनला जातेय म्हटल्यावर आमच्या गावातल्या, मॉरिसव्हिलमधल्या मैत्रिणींनी सल्ल्यांचा पाऊस पाडला. क्रेटर लेक चुकवू नकोस, पोर्टलंडची गुलाबाची बाग बघ, समुद्रकिनाऱ्यावर एक दिवस ठेव. यातलं मी जवळपास काहीच केलं नाही. आठवडाभर एका ओढ्यातून चालले, तेही पाण्याच्या उलट दिशेने. तुमच्यापैकी कुणाला असलं काही करायची हौस असेल तर पुढे वाचा. नसेल तरी वाचा, कारण या गोष्टीत माझी लेक आहे.

ईरा आमची एकुलती एक. ओरेगनच्या डोंगरांत ओढे तपासायचं काम करते. सॅमन आणि स्टीलहेड हे मासे समुद्रातून परत येऊन अशा ओढ्यांत अंडी घालतात. कुठल्या ओढ्यात त्यांची पिल्लं जगतील आणि कुठे नाही, हे तिथे चालत जाऊन बघायचं, मोजायचं, नकाशावर मांडायचं आणि प्रत्येक तुकड्याला दर्जा द्यायचा. ऑगस्टमध्ये तिचा कामातला जोडीदार स्वतःच्या लग्नासाठी सुट्टीवर गेला. एकट्याने पाण्यात उतरायची परवानगी नसते. तिचा फोन आला, "आई, व्हॉलंटियर म्हणून तू येशील? प्लीज?"

कॉलेजला गेल्यापासून या मुलीने माझ्याकडे आमटीच्या कृतीशिवाय काही मागितलं नव्हतं. काम नक्की काय ते विचारायच्या आधीच मी हो म्हणून बसले.

"अगं, तुला पोहता येत नाही," श्रीकांत म्हणाला. श्रीकांत म्हणजे माझा नवरा.

"गुडघाभरच पाणी असतं म्हणाली."

"कुणाच्या गुडघ्याभर?" ईरा माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. पण तोवर तिकीट काढून झालं होतं.

घराजवळच्या रॅली विमानतळावरून पोर्टलंडला जाताना डेन्व्हरला विमान बदललं. सगळा दिवस त्यात गेला. विमानतळावर ईरा चिखलाने माखलेला पिकअप घेऊन उभी होती. मिठी मारली तर तिच्या जॅकेटला शेवाळाचा वास. तिथून दोनेक तासांचा रस्ता. आधी हेझलनटच्या बागा, कापून झालेली गवताची पिवळी शेतं, मग एकदम वळणं सुरू होतात आणि दोन्ही बाजूंनी डग्लस फरची झाडं अंगावर येतात. इथे फोनची रेंज जाते, नकाशा आधीच उतरवून घ्या. गावात एकच मोटेल, ऑगस्टमध्ये खोली आधी ठरवलेली बरी. स्वयंपाकाची छोटी सोय असलेली खोली थोडी महाग पडते, पण घ्याच. मी मेतकूट, गोडा मसाला, रवा आणि पोहे नेले होते. दुकानात बाकी सगळं मिळतं, फक्त मिरच्यांना तिखटपणा नाही. पाण्यात घालायचे रबरी तळाचे बूट आणि छातीपर्यंतची पँट भाड्याने मिळते. ती घालून मी आरशात पाहिलं आणि आरशाकडे पाठ केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यात उतरले. पाणी इतकं गार की तोंडून "आई गं" निघालं. ईरा पुढून म्हणाली, "येस, आई?"

खालून वर चालायचं, म्हणजे आपण ढवळलेला गाळ मागे जातो आणि समोरचं पाणी नितळ राहतं. "पाय उचलू नको, सरकव. आणि ती खडी आहे ना, तिच्यावर नको, साइडने ये." तिचं मराठी तुटकं आहे, पण हुकूम सोडताना अगदी खणखणीत होतं. मी शाळेत सातवीच्या मुलांना गणित शिकवते. आयुष्यभर मीच सांगत आले, आणि आता माझी मुलगी मला चालायला शिकवत होती. खोटं कशाला बोलू, छान वाटत होतं.

दुपारपर्यंत मला कळलं की माशाला काय लागतं. डोह लागतो, खोल आणि गार. सुपारीएवढी ते लिंबाएवढी स्वच्छ खडी लागते, कारण अंडी तिच्यात असतात आणि बारीक माती साचली की ती गुदमरतात. वर सावली लागते. आणि आडवे पडलेले ओंडके लागतात. ओंडक्यापाशी पाणी वळतं, तळ खणतं, डोह होतो, पिल्लांना लपायला जागा मिळते. स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन परत येणारा ट्राउट जातीचा मासा. त्याच्या पिल्लांना थोडं खळाळतं पाणी चालतं. कोहो सॅमनच्या पिल्लांना मात्र शांत डोह हवा, एक हिवाळा तिथेच काढायचा असतो. मी काठी धरून खोली सांगायची, ईरा टॅब्लेटवर टाकायची. गणिताच्या बाईंना याहून सोपं काम काय असणार? तरीही एकदा घसरून बसलेच. पँटमध्ये पाणी शिरलं आणि मायलेकी हसत सुटलो.

तिसऱ्या दिवशी ओढा डोरिसच्या जमिनीतून जात होता. डोरिस ऐंशीच्या पुढची, एकटी राहणारी. तिने फाटक उघडलं, झुकिनीचा गोड ब्रेड कापून ठेवला होता, आणि आमच्याबरोबर काठाने काठी टेकत आली. तिचा ओढा मला तर चित्रासारखा वाटला. काठापर्यंत कापलेलं गवत, सरळ, नितळ पाणी, कुठे काडी म्हणून नाही. मी असते तर पैकीच्या पैकी दिले असते.

ईरा मात्र मान हलवत टॅब्लेटवर आकडे टाकत होती. पाणी घोट्याएवढं, उन्हात तापलेलं. डोह नाही. सावली नाही. फक्त लाकडी पुलाच्या थोडं वरच्या अंगाला मेपलचा एक मोठा वृक्ष मुळासकट आडवा झाला होता. त्याच्यापाशी पाणी काळंभोर, खोल.

"तो गेल्या हिवाळ्यात पडला," डोरिस म्हणाली. "शनिवारी माझा पुतण्या करवत घेऊन येतोय. माझा नवरा, वॉल्ट, होता तोवर दर उन्हाळ्यात सगळे ओंडके स्वतः काढायचा. मासे अडायला नकोत म्हणून. जायच्या आदल्या उन्हाळ्यातसुद्धा उतरला होता पाण्यात." मग तिने हसून विचारलं, "मग, किती गुण मिळाले आम्हाला?"

मी मागून ईराचं कोपर दाबलं. ऑफिस कळवेल, असं म्हणून सुटता आलं असतं.

"इथला दर्जा वाईट आहे, डोरिस," ईरा म्हणाली. "लाकूड काढल्यामुळेच डोह गेले. प्लीज, तो मेपल कापू नका."

डोरिसने तिच्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे. ब्रेडची बशी उचलली. "आता तुम्ही निघा," एवढंच बोलून घराकडे चालू लागली.

संध्याकाळी मी मुगाची खिचडी केली. ईराने दोन घास खाल्ले आणि चमचा ठेवला.

"आई, मी लाय करायला पाहिजे होतं?"

"नाही गं."

"मग शी लुक्ड सो हर्ट. जसं काही मी तिच्या हजबंडला बॅड म्हटलं."

मी म्हटलं, "हे बघ, शाळेत एखाद्याला कमी गुण पडले की मी त्याच्या आईबाबांना दारात उभं करून सांगत नाही. बसवते. पेपर उघडते, गणित कुठे अडलं ते बोट ठेवून दाखवते. दाखवल्याशिवाय सांगितलं की माणसाला फक्त मार बसतो."

तिने वाटी परत पुढे ओढली. "पण ती डोअर उघडेल?"

"मी वाजवते दार. शिरा करून नेऊ."

सकाळी सगळं मोटेल शिऱ्याच्या वासाने भरलं. वेलदोडे नव्हते, दालचिनीवर भागवलं. डोरिसने दार उघडलं ते अर्धंच. मी म्हटलं, "मी ईराची आई. काल तिने खरं सांगितलं, पण घाईत सांगितलं. तिला तुम्हाला एक गोष्ट दाखवायची आहे. त्यानंतर तुम्ही म्हणाल तर आम्ही जाऊ."

डोरिसने डबा हातात घेतला, वास घेतला. "हे काय आहे?"

"रवा, साखर आणि खूप तूप."

"थांबा, बूट घालते."

ईराकडे एक बादली असते, तळाशी पारदर्शक प्लास्टिक बसवलेली. पाण्यावर टेकवून आत पाहिलं की खालचं सगळं दिसतं. मेपलच्या बुंध्यालगत काठ सपाट होता. आम्ही तिथे खुर्ची ठेवली. डोरिस बसली, वाकली. एका बाजूने ईराने तिला धरलं, दुसऱ्या बाजूने मी.

"मला काही दिसत नाही."

"थोडं थांबा. मुळांच्या सावलीत बघा."

ती थांबली. आम्हीही थांबलो. मग तिचा हात माझ्या हातावर आवळला गेला. मुळांमध्ये बोटाएवढी पिल्लं होती, डझनावारी, सगळी प्रवाहाकडे तोंड करून एका जागी हलत असलेली. त्यांच्या पंखांच्या कडा नारिंगी.

"कोहो आहेत," ईरा हळू म्हणाली. "तुमच्या सगळ्या जमिनीत मला फक्त इथे दिसले."

डोरिसने मान वर केली नाही. बादलीत बघतच म्हणाली, "वॉल्टने असे सगळेच काढून टाकले."

"त्या काळी सरकारी माणसंच लोकांना ओंडके काढायला सांगायची," ईरा म्हणाली. "सगळ्यांना तेच बरोबर वाटायचं. त्यांनी माशांसाठीच केलं, डोरिस. दर उन्हाळ्यात पाण्यात उतरून."

आता डोरिसने डोळे पुसले. मीही पुसले, उगाच कशाला लपवू. मग ती सरळ बसली आणि तिचा आवाज एकदम बदलला. "ते ठीक आहे. पण हा पुरात वाहून आला तर माझा पूल जाईल. त्या पुलावरूनच ॲम्ब्युलन्स येते."

मला वाटलं आता ईरा माशांची बाजू मांडणार. ती म्हणाली, "बरोबर आहे. पूल गेलेला मलाही चालणार नाही. मी ऑफिसमधल्या इंजिनिअरला घेऊन येते. मशिनने तो पुलाच्या पलीकडे, प्रवाहाच्या खालच्या अंगाला नेऊन पक्का बसवता येईल कदाचित. प्रॉमिस नाही करू शकत. तुम्ही फक्त शनिवारची करवत थांबवा."

डोरिसने पुतण्याला फोन केला. "करवत आणू नकोस," ती म्हणाली. "तू ये. तुला काहीतरी दाखवायचंय."

राहिलेल्या दिवसांत आम्ही वरचा ओढा पूर्ण केला. तिथे दोन तुकड्यांना ईराने "उत्तम" लिहिलं आणि दोन्ही वेळा मला टाळी दिली. निघायच्या दिवशी दुपारी एकदाचा समुद्र पाहिला. तुम्ही विचारणारच, म्हणून सांगते, हो, किनाऱ्यावरच्या हॉटेलात सॅमन खाल्ला. ईरानेही खाल्ला. वर लिंबू मागून घ्या.

घरी येऊन हिशोब केला तर विमान सोडून खर्च फारसा झाला नव्हता. गुडघे दोन आठवडे कुरकुरत होते. पण मनात राहिलं ते एकच दृश्य, माझी लेक एका म्हाताऱ्या बाईचा दंड धरून पाण्याकडे वाकलेली. बोलताना चुकली, रात्रभर तळमळली आणि सकाळी तिथेच परत गेली. ही गोष्ट मी तिला शिकवली असं म्हणायला मला आवडेल, पण कुणी शिकवली ते खरंच माहीत नाही.

थंडी सुरू झाल्यावर एका रविवारी तिचा फोन आला. मेपल पुलाच्या खालच्या अंगाला बसवून झाला होता, पहिल्या मोठ्या पुरात जागचा हलला नव्हता, आणि डोरिसने रेनकोट घालून काठावर उभं राहून तिला फोन केला होता. समुद्रातून परतलेले दोन मोठे लाल कोहो बुंध्यापाशी आलेत, म्हणाली.

"मग आता दर्जा बदलला का?" मी विचारलं.

"नाही आई, स्टिल पुअर. एका झाडाने काय होणार?" ईरा हसत होती. "डोरिसनेही सेम विचारलं. मी खरं सांगितलं."

"मग? रागावली?"

"नाही. म्हणाली, अजून किती झाडं लागतील ते सांग, पुतण्याला आत्ताच कामाला लावते."