एझ्रा थर्लोच्या हातचा शब्द

सफोकमधल्या आमच्या खेड्यात एझ्रा थर्लो हा मुठीने बी फोकून पेरणारा शेवटचा माणूस. त्या पेरणीला आम्ही ‘ब्रॉडकास्ट’ म्हणत असू. त्याच्या आजोबांनी आणि वडिलांनी जन्मभर तेच केले. पुढे रेडिओ आला आणि रेडिओवरच्या बोलण्यालाही लोक तेच नाव देऊ लागले. एझ्राची पत्नी मर्सी अंथरुणाला खिळलेली होती. तिला रेडिओवर प्रार्थना ऐकायची होती.

“आमचा शब्द चोरणारा या घरात येणार नाही,” एझ्रा म्हणाला.

“शब्द तुझा, दुखणं माझं,” मर्सी म्हणाली. “म्हाताऱ्या, निदान चोराचं काम तरी बघून ये.”

आमच्या चॅपलमध्ये, म्हणजे गावच्या छोट्या प्रार्थनाघरात, रेडिओ होता. तो तिथे आला आणि टोपी मांडीवर ठेवून रेडिओवरचे अख्खे प्रवचन त्याने ऐकले. प्रवचनकार लंडनमध्ये, परंतु शब्द कुठे दाट नाही, कुठे विरळ नाही, राजाच्या वाट्याला जेवढा, तेवढाच रोग्याच्याही! प्रभो, तुझा पाऊस तरी याहून वेगळा कुठे पडतो?

एझ्रा उठला. “पाऊल न उचलता पेरतो, आळशी आहे,” तो मला म्हणाला. “पण हात चांगला आहे.”

शनिवारी मर्सीच्या खिडकीबाहेर तो रेडिओची तार ताणत होता आणि शिडी मी धरली होती.